वनऱ्हासाकडून वनवृद्धीकडे

एखाद्या देशातील वनक्षेत्र दीर्घकाळ घटत जाते, नीचतम पातळीवर येऊन स्थिरावते आणि कालांतराने पुन्हा वाढू लागते. या स्थित्यंतरास ‘वनसंक्रमण’ म्हणतात. स्कॉटिश भूगोलतज्ज्ञ अलेक्झांडर मॅथर यांनी ही संकल्पना १९९२ मध्ये मांडली. फ्रान्समध्ये हे वळण एकोणिसाव्या शतकातच आले होते.

या संक्रमणाचे प्रमुख मार्ग दोन आहेत. पहिल्यात उद्योगधंदे वाढतात, मजूर शहरांकडे वळतात आणि पडीक राहिलेल्या निकस जमिनीवर झाडोरा आपोआप उगवतो. दुसऱ्यात लाकडाची टंचाई, पूर व जमिनीची धूप यांमुळे शासनालाच वनीकरण हाती घ्यावे लागते.

दक्षिण कोरियाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. युद्ध व जळाऊ लाकडासाठीची तोड यांमुळे तेथील डोंगर उघडे पडले होते. १९७३ मध्ये दहा वर्षांची वनीकरण योजना सुरू झाली आणि गावोगावच्या लोकांनी रोपे लावली. त्याचबरोबर चुलीतील लाकडाची जागा दगडी कोळशाच्या वड्यांनी घेतली, म्हणूनच लावलेली रोपे जगली. आज त्या देशाचा ६० टक्क्यांहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे.

व्हिएतनाममध्ये १९९० च्या दशकापासून वनक्षेत्र वाढले. कुटुंबांना वनजमिनीचे वाटप व लाकूडतोडीवरील निर्बंध ही त्यामागील महत्त्वाची कारणे होत. मात्र १९८७ ते २००६ या काळातील वनवाढीच्या सुमारे ३९ टक्के इतका तोडीचा भार आयात लाकडाच्या रूपाने अन्य देशांवर पडला, असे संशोधकांना आढळले. आपले वन राखताना शेजाऱ्याचे वन तुटत असेल, तर तो लाभ अपुराच म्हणावा लागेल.

भारताने १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत एकतृतीयांश भूभाग वृक्षाच्छादित करण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि १९९० पासून संयुक्त वन व्यवस्थापनाद्वारे ग्रामस्थांना सहभागी करून घेतले. २०२३ च्या वनस्थिती अहवालानुसार वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. परंतु किमान एक हेक्टर क्षेत्र व दहा टक्के वृक्षछत्र या निकषांत फळबागा आणि एकसुरी लागवडीही बसतात. एका जिल्ह्यातील तुटलेले जुने अरण्य दुसऱ्या जिल्ह्यातील निलगिरीच्या लागवडीने आकड्यांत भरून निघते. जैवविविधतेच्या दृष्टीने मात्र ते भरून निघत नाही.

तात्पर्य, वनांचे भवितव्य वनांबाहेर, म्हणजे चूल, शेत आणि बाजारपेठ येथे ठरते. पर्यायी इंधन, उत्पादक शेती आणि वनोपजात ग्रामस्थांचा न्याय्य वाटा यांची जोड मिळाली, तरच वनवृद्धी टिकाऊ ठरेल.