आकडा सांगतो, फाइल कुठे अडली

लिनक्सवर ‘फाइल टू लार्ज’ असा संदेश आला की डिस्क भरली असे समजून फाइली पुसायला घेऊ नये. डिस्क भरल्याचा संदेश ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा वेगळा येतो. इथे जागा शिल्लक असते, आड येते ती आकाराची मर्यादा. ती प्रोग्रॅमची असू शकते, फाइल सिस्टीमची किंवा वापरकर्त्यावर घातलेली. संदेश बहुतेक वेळा एकच असतो, म्हणून अडलेल्या फाइलचा नेमका आकार ‘एलएस -एल’ या आज्ञेने बाइटांत पाहून आधी टिपून ठेवावा.

आकडा 2,14,74,83,647 असेल, तर दोष बहुधा जुन्या 32 बिटी प्रोग्रॅमचा. फाइलमधली जागा तो 32 बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत मोजतो आणि त्यात याहून मोठा आकडा मावत नाही. 2001 मध्ये आलेल्या कर्नल 2.4 मध्ये 32 बिटी यंत्रांवरही याहून मोठ्या फाइलींची सोय झाली, पण प्रोग्रॅमने मागितली तरच. फाइल उघडताना ‘ओ_लार्जफाइल’ ही खूण न देणाऱ्या प्रोग्रॅमला कर्नल जाणूनबुजून थांबवतो, नाहीतर पुढच्या जागेचा हिशेब चुकून मजकूर बिघडेल. त्यामुळे नुसता कर्नल बदलून भागत नाही. 64 बिटी कर्नलवरही असा प्रोग्रॅम तिथेच अडतो. खूण दिली जाते की नाही, हे ‘एसट्रेस’मध्ये दिसते. प्रोग्रॅमची 64 बिटी आवृत्ती घ्यावी, किंवा सोर्स हाताशी असल्यास फाइल ऑफसेट 64 बिटी ठरवून तो पुन्हा कंपाइल करावा.

आकडा 4,29,49,67,295 असेल, तर प्रोग्रॅम निर्दोष असतो. ही फॅट32 या फाइल सिस्टीमची मर्यादा. मोठे चित्रीकरण न्यायला पेनड्राइव्ह सोयीचा पडतो. 32 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह असूनही 6 जीबीची फाइल 4 जीबीपाशी थांबते, ती यामुळेच. आतला मजकूर दुसरीकडे काढून पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. टीव्हीला एक्सफॅट वाचता येत नसेल, तर संपादनाच्या प्रोग्रॅममधूनच चित्रीकरणाचे भाग पाडावेत. ‘स्प्लिट’ने केलेले तुकडे पुन्हा जोडल्याशिवाय नीट चालत नाहीत.

आकडा या दोन्हींपैकी नसेल, तर ‘युलिमिट -एफ’ पाहावे. उत्तर ‘अनलिमिटेड’ नसेल, तर त्या वापरकर्त्यावर बंधन आहे. ते ओलांडताच कर्नल प्रोग्रॅमला संकेत पाठवतो आणि ‘फाइल साइझ लिमिट एक्सीडेड’ म्हणत प्रोग्रॅम बंद पडतो. संकेताकडे दुर्लक्ष करणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र ‘फाइल टू लार्ज’ हेच उत्तर मिळते. कमाल बंधन वाढवण्याचा अधिकार रूटकडे असतो.

दुरुस्तीनंतर प्रत पुन्हा काढावी आणि मूळ फाइल व प्रत यांचे ‘एसएचए256सम’ ताडून पाहावे. अर्धवट प्रतही कधी कधी उघडते, सुरुवातीला नीट चालते आणि शेवट तुटल्याचे फार उशिरा ध्यानात येते. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळेपर्यंत मूळ फाइल पुसू नये.