होडी कोणाची, ते आधी बघ

मालवण

चि. गौरीस,


देवबागच्या न्याहारी-निवासासाठी तू लिहिलेला इंग्रजी मजकूर वाचला. कर्ली नदीचा संगम, होडीची फेरी, सोलकढी, सगळं झकास उतरलंय. घोळ आहे तो मालकी सांगणाऱ्या शब्दांत.

घरात आपण बोलतो ते आठव: आमचो माड, आमची होडी, आमचा घर. वस्तू बदलली की शब्दाचं शेपूट बदलतं. ही सवय इतकी मुरलेली असते की इंग्रजी लिहितानाही नजर आधी वस्तूकडे जाते. म्हणूनच आजोबांच्या होडीला तू 'हर बोट' करून टाकलंस. इंग्रजी होडीला काही विचारत नाही. मालक पुरुष असेल तर 'हिज', बाई असेल तर 'हर'. मग वस्तू माड असो, होडी असो की घर. तेव्हा लिहिताना आधी मालक शोध.

'माझी होडी' आणि 'ही होडी माझी', मराठीत दोन्हीकडे शब्द तोच. इंग्रजीत पुढे नाम असेल तर 'माय', 'हर', 'अवर', 'देअर'. नाम गाळलं की 'माइन', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स'. एकटा 'हिज' दोन्हीकडे चालतो. 'माझी एक मैत्रीण' याचं तू 'माय वन फ्रेंड' केलंस. ते वाचून पाहुण्यांना वाटेल, बिचारीला एकच मैत्रीण आहे! तिथे 'अ फ्रेंड ऑफ माइन' लिही.

अपॉस्ट्रॉफी या शब्दांना कधीच लागत नाही. 'अवर्स'ला नाही, 'युवर्स'ला नाही. 'इट्स'मध्ये ते चिन्ह आलं की अर्थ होतो 'इट इज' किंवा 'इट हॅज'. शंका आली तर तिथे हे दोन शब्द घालून वाच. (मालकीचा 'इट्स' इंग्रजांनाही उशिराच सापडला. 1611 साली छापलेल्या त्यांच्या प्रसिद्ध बायबलमध्ये तो नव्हता. निर्जीव वस्तूलाही बहुधा 'हिज'च लावत.)

मला खरी गंमत वाटते ती 'आपल्या'ची. 'दादाने काकांना आपल्या होडीतून आणलं' म्हटलं की होडी दादाची, वाद नाही. इंग्रजीत 'इन हिज बोट' लिहिलंस तर ती दोघांपैकी कोणाचीही असू शकते. भाड्याचे पैसे कोणाला द्यायचे हे पाहुण्याला कळायला हवं, म्हणून तिथे सरळ मालकाचं नाव घाल. तसंच 'आपला किनारा' म्हणताना आपण पाहुण्यालाही त्यात घेतो, 'आमचं घर' म्हणताना तो बाहेर राहतो. इंग्रजीत दोन्हीला 'अवर'च. या बाबतीत आपली भाषा जास्त नेमकी, असं माझं मत.

सरावासाठी मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचत जा. आपल्या देवगडातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये या दोन भाषांचे स्तंभ असेच शेजारी छापले जात. तूही वहीच्या पानावर मधोमध रेघ मार आणि रोज घरातलीच पाच वाक्यं दोन्ही बाजूंना लिही.

फलक रंगवायला देण्याआधी सुधारलेला मजकूर मला पाठव. एकही चुकीचं चिन्ह दिसलं तर परत करीन, मग रंगारी दारात उभा असला तरी चालेल.

तुझा,
मामा