वाघ्याची दिमडी

खान्देशातील अनेक घराण्यांचे कुलदैवत श्रीखंडोबा. विवाहानंतर नवदांपत्याच्या हातून जागरण घालण्याची रीत जळगाव-धुळे परिसरात आजही पाळली जाते. देवापुढे पाच उसांचा किंवा ज्वारीच्या ताटांचा मांडव उभा राहतो, घट बसतो, भंडारा उधळला जातो आणि वाघ्याच्या हातातील दिमडी बोलू लागते.

दिमडी दिसावयास अगदी साधी. वीतभर व्यासाचे लाकडी अथवा पितळी कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसविलेले पातळ कातडे. दुसरे तोंड मोकळे. पुष्कळ भाविक तिलाच खंजिरी म्हणतात, ते बरोबर नव्हे. खंजिरीच्या कड्यात झांजेच्या चकत्या असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) हाती दिसते ती खंजिरी. शाहिराचा डफ आकाराने बराच मोठा, तर हलगी काड्यांनी वाजते.

डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात कडे धरून उजव्या हाताच्या बोटांनी आघात करतात. मध्याजवळचा आघात घुमतो, काठाजवळचा कडक येतो. खरे कसब मात्र डाव्या हाताचे. त्याची बोटे कातड्याच्या काठावर दाब देतात वा सोडतात, त्यासरशी स्वर चढतो-उतरतो. पावसाळी हवेत कातडे सैल पडते; मग दिमडी विस्तवावर शेकून घ्यावी लागते. त्यामुळे आरंभास विलंब झाल्यास यजमानांनी अधीर होऊ नये.

प्रथम देवदेवतांना आवाहन होते, तेव्हा लय संथ असते. पुढे म्हाळसा-बाणाईच्या कथा रंगतात, तुणतुण्याचा स्वर व मुरळीची घाटी साथ करतात आणि पहाटेकडे लय द्रुत होत जाते.

मुरळीविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. पूर्वी नवसापोटी मुली देवाला वाहिल्या जात. मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने अशा समर्पणास बंदी झाली. पुढे महाराष्ट्राने २००५ चा देवदासी समर्पण निर्मूलन अधिनियम केला. असा नवस आज गुन्हा आहे. जागरणात गाणाऱ्या भगिनी कलावंत आहेत, त्यांचा त्याच नात्याने मान राखावा.

यजमानांस आणखी एक विनंती. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास नियमाने मनाई आहे, आणि दिमडीस त्याची गरजही नसते. वाघ्या-मुरळींचे मानधन आधीच ठरवून पूर्ण द्यावे. कोटंब्यात पडणारी भिक्षा त्यातून वजा करू नये.