जुने रंधा मशीन निवडताना



सुतारकाम शिकून पाड्यावर परतलेल्या मुलांना जुने रंधा मशीन घेऊन देता येईल का, असे आपल्यापैकी काहींनी विचारले आहे. या मुलांना मी सुतारकाम शिकवतो, म्हणून उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. उत्तर ‘होय’ असेच आहे. मात्र जुन्या मशीनमधील कोणता दोष थोड्या पैशात निघतो आणि कोणता निघत नाही, हे आधी कळायला हवे.

प्रथम मशीनचे काम पाहू. बाजारात याला सरफेस प्लॅनर म्हणतात. यात दोन सपाट टेबले असतात आणि त्यांच्यामध्ये पाती बसवलेला कटर फिरतो. लाकूड वाळताना फळीला पीळ पडतो, ती वाकते. फळी हाताने पुढे सरकवली की पाती तिचा उंच भाग छिलतात आणि एक बाजू सपाट होते. ती बाजू उभ्या पट्टीला टेकवून मग कड काटकोनात करता येते. थिकनेस मशीन फक्त जाडी सारखी करते. त्याचे रूळ पिळलेली फळी दाबून धरतात आणि बाहेर पडताच ती पुन्हा पिळते. दाराचा सांधा घट्ट बसणार की उघडा पडणार, हे म्हणून रंध्यावरच ठरते.

आता तपासणी. सुरुवात टेबलापासून करावी. टेबल बिडाचे असावे. त्यावर खात्रीची लोखंडी सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या दिशांनी ठेवून पाहावी. नंतर दोन्ही टेबले एका पातळीवर आणून पट्टी दोहोंवर मिळून ठेवावी. साधा कागद सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो. पट्टीखाली एखादा कागद जेमतेम सरकला तर चालेल. तीन-चार कागद सरकले तर मशीन सोडून द्यावे. टेबल पुन्हा घासून घेण्याचा आणि वाहतुकीचा खर्च कधी कधी मशीनच्या किमतीवर जातो. वरवरच्या गंजाला मात्र घाबरू नये. रॉकेल आणि पॉलिश पेपरने तो निघतो.

दुसरी गोष्ट कटरची. तो गोल असावा. फार जुन्या मशीनमध्ये चौकोनी कटर आढळतो. त्याच्या कोपऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत बोट खोल ओढले जाते. ब्रिटनमध्ये 1922 च्या नियमांनीच हाताने फळी सरकवायच्या मशीनला गोल कटर सक्तीचा केला. चौकोनी कटरचे मशीन कोणी फुकट दिले तरी आपण नम्रपणे नाकारावे. ज्या मुलाचे पोट हातावर आहे, त्याचा हात आधी जपायचा. पात्यांवरचे झाकण नसेल, तर ते बसवल्याशिवाय मशीन मुलाच्या ताब्यात देऊ नये.

तिसरी गोष्ट झिजणाऱ्या भागांची. प्लग काढून, पट्टा उतरवून कटर हाताने फिरवावा. खरखर आली किंवा तो वरखाली हलला, तर बेअरिंग गेलेले असते. बेअरिंग, पट्टा, पाती बाजारात मिळतात, बदलताही येतात. त्यांचा खर्च किमतीतून कमी करून मागावा. मात्र बेअरिंगची बैठकच झिजली असेल तर तो सौदा नको.

चौथी गोष्ट विजेची. अनेक पाड्यांवर घरगुती सिंगल फेज जोडणीच असते. थ्री फेज मोटरचे स्वस्त मशीन तिथे तसेच पडून राहील. 6 इंची मशीनला 1 हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर पुरते. मोटर बदलली तर पुलीचे गणित सांभाळावे. मोटर मिनिटाला 2880 फेरे घेत असेल, मोटरची पुली 5 इंची आणि कटरची 3 इंची असेल, तर कटरचे 4800 फेरे होतात. हा वेग या कामाला योग्य आहे.

लांबीचेही पाहावे. टेबलाच्या साधारण दुप्पट लांबीची फळी त्यावर नीट सरळ होते. दाराची उभी पट्टी 7 फुटांची धरली, तर दोन्ही टेबले मिळून किमान 4 फूट हवीत. रुंदी 6 इंच पुरे. त्याहून रुंद फळी मुले हातरंध्याने सपाट करतात, ते त्यांना शिकवलेले आहे.

जमलेल्या रकमेचा चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा, असे मी सुचवतो. मशीनबरोबर फळी ढकलायचे दोन लाकडी ठोकळे आणि एक नियमही द्यावा : एक फुटाहून आखूड तुकडा या मशीनवर चालवायचा नाही.

आपल्या ओळखीत कोणी कार्यशाळा बंद करत असेल, तर आम्हाला चार गोष्टी कळवा : टेबलांची लांबी, कटरचा आकार, मोटरचा फेज आणि सरळपट्टी ठेवून काढलेला टेबलाचा फोटो. एवढ्यावरून मशीन पाहायला यायचे की नाही, ते मी सांगू शकेन.