तारणापोटी खरेदीखत, जमीन परत मिळेल का?

प्रश्न : २०१६ मध्ये वडिलांनी सावकाराकडून दोन लाख घेतले आणि तारण म्हणून दीड एकराचं खरेदीखत करून दिलं. वडील आता नाहीत. पैसे फेडायला गेलो तर सावकार म्हणतो, जमीन विकत घेतली होती.

उत्तर : ही जुनीच चाल आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मधलं कलम १८ नेमकं तिच्यावरच आहे. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करा. व्यवहार विक्रीचा नसून कर्जाच्या तारणाचा होता, हे चौकशीत पटलं तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमिनीचा ताबा वारसांना देऊ शकतात. मुदत १५ वर्षांची आहे, तरी थांबू नका. साक्षीदार म्हातारे होतात.

सगळा भर पुराव्यावर. व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, बँकेतल्या नोंदी, त्यावेळचा बाजारभाव आणि खरेदीखतातली किंमत यांतली तफावत, खरेदीनंतरही शेत तुम्हीच कसत असल्याचा पीकपाहणीतला उल्लेख, सगळं जोडा. सावकाराने गावात इतरांच्याही जमिनी अशाच घेतल्या असतील तर तेही लिहा.

शेतकऱ्याला तारणी कर्जावर सावकाराने वर्षाला ९ टक्क्यांहून जास्त व्याज लावायचं नाही. एकूण व्याजही मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. परवाना नसेल तर तो स्वतंत्र गुन्हा.