विकरापासून गोळीपर्यंत

चि. मृणाल,

पेशीतील बहुतेक रासायनिक क्रिया विकरांमुळे, म्हणजे एन्झाइममुळे, घडतात. विकर हे बहुधा प्रथिन असते. त्याच्या खाचेत ठरावीक रेणू बसतो, बदलतो आणि सुटतो. तिथे भलताच रेणू ठाण मांडून बसला की क्रिया मंदावते. आजची कितीतरी औषधे हेच करतात.

जीवरसायनशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्याने यासाठी कोलेस्टेरॉलचे उदाहरण नीट अभ्यासावे. यकृतातील पेशी ॲसिटिल कोएन्झाइम-एपासून सुमारे ३० पायऱ्यांनी ते तयार करतात. सगळ्या पायऱ्या घोकण्यात वर्ष निघून जाते, आणि ते श्रम बरेचसे वाया जातात. आधी शोधावी ती साऱ्या मार्गाचा वेग ठरवणारी पायरी. इथे ती एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराची आहे.

जपानमधील सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी १९७१ मध्ये याच विकराला रोखून कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या द्रव्याचा शोध सुरू केला. बुरशी शत्रूंपासून बचावासाठी असे द्रव्य बनवत असावी, हा त्यांचा तर्क होता. सुमारे ६००० सूक्ष्मजीव तपासल्यावर पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत कॉम्पॅक्टिन सापडले. त्याचा एक भाग विकराच्या नेहमीच्या रेणूसारखा दिसतो, पण खाचेत त्याहून हजारो पटींनी घट्ट बसतो.

परीक्षानळीत उत्तम ठरलेल्या या द्रव्याने उंदरांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल मात्र उतरेना. काम इथेच संपले असते. कारण पुढे कळले: विकर अडताच उंदराचे यकृत तेच विकर कितीतरी पटींनी वाढवते. अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर असते, तेव्हा अंडी देणाऱ्या कोंबडीत ते जोमाने बनत असणार, या विचाराने १९७६ मध्ये कोंबड्यांवर प्रयोग झाला आणि पातळी जवळपास निम्म्यावर आली. प्रयोगासाठी प्राणी निवडतानाही जीवरसायन असे कामी येते.

माणसात आणखी एक गोष्ट घडते. आतले उत्पादन घटले की यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएलची, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांची, ग्राही प्रथिने वाढवतात आणि रक्तातून कोलेस्टेरॉल ओढून घेतात. ही ग्राही प्रथिने ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी शोधली. त्यांना १९८५ चे नोबेल मिळाले. कॉम्पॅक्टिन स्वतः बाजारात आले नाही. ॲस्परजिलस टेरियस या बुरशीतून मिळालेल्या, त्याच विकराला रोखणाऱ्या लोव्हास्टॅटिन या औषधाला अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली.

हा विषय मुळातून वाचण्याआधी विकरांच्या गतीचे प्रकरण पुरे करावे आणि स्पर्धात्मक अवरोधाचा आलेख स्वतःच्या हाताने काढावा.

तुझा,
काका