भोपळा सुटला!

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की आम्ही भावंडे नानीच्या गावी जात असू. मामूंच्या मळ्यात दगडी पायऱ्यांची मोठी विहीर होती. सकाळी गावातली मुले तेथे पोहायला जमत. कोणी सूर मारी, कोणी मुटका मारी. मी मात्र पायरीवर बसून पाय भिजवत असे. मला पाण्याची फार भीती वाटे.

एके दिवशी मामूंनी माझ्या पाठीला सुका भोपळा बांधला. ते म्हणाले, "घाबरू नकोस. हा आतून पोकळ आहे. तो बुडत नाही आणि तुलाही बुडू देणार नाही." पहिल्या दिवशी माझ्या नाकातोंडात पाणी गेले. चार-पाच दिवसांनी मात्र हातपाय मारता येऊ लागले.

थोरली आपा रोज हे पाहत असे. एकदा ती म्हणाली, "मामू, मलाही शिकवा ना!"

मामू गप्प राहिले. गावात मुली पोहत नसत. तेव्हा नानी म्हणाली, "पाणी भरायला मुलीच जातात ना? पाय घसरला, तर पाणी काय मुलगा-मुलगी पाहते? शिकव तिला."

मामू हसले. म्हणाले, "खरे आहे. बंगालच्या आरती साहा यांनी १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली. पहिल्या प्रयत्नात त्यांना यश आले नाही. पण त्यांनी जिद्द सोडली नाही. ही खाडी पोहणाऱ्या त्या आशियातील पहिल्या महिला!"

दुसऱ्या दिवसापासून आपा भल्या पहाटे पोहू लागली. नानी स्वतः काठावर बसे. आपा माझ्याआधी तयार झाली!

एका सकाळी मामूंनी माझा भोपळा सोडला. माझी छाती धडधडू लागली. "छातीत हवा भरून घे आणि उताणा पड," मामू म्हणाले. मी तसे केले आणि काय आश्चर्य! मी पाण्यावर तरंगत होतो. वर निळे आकाश होते. काठावरच्या बाभळीला सुगरणीची घरटी झुलत होती. पायरीवरून ही गंमत मला कधी दिसलीच नव्हती.

घरी जाताना मामू म्हणाले, "आता भीती गेली, पण सावधपणा सोडू नका. एकट्याने पाण्यात उतरू नका. अनोळखी पाण्यात आणि पुरात जाऊ नका. कोणी बुडत असेल, तर मोठ्यांना हाक मारा आणि दोर फेका."

मुलांनो, विहीर, नदी, समुद्र यांचा आनंद सर्वांसाठी आहे. तुम्हीही मोठ्यांच्या देखरेखीखाली पोहायला शिका.

शब्दार्थ
मळा – विहिरीच्या पाण्यावरची शेती
सूर मारणे – डोके खाली करून पाण्यात उडी घेणे
मुटका मारणे – हातपाय आखडून पाण्यात उडी घेणे
उताणा – पाठीवर पडलेला
सुगरण – सुंदर घरटे विणणारा पक्षी

स्वाध्याय
१. मामूंनी लेखकाच्या पाठीला भोपळा का बांधला?
२. आपाला पोहायला शिकवावे, असे नानीला का वाटले?
३. वाक्यात उपयोग करा : छाती धडधडणे, जिद्द न सोडणे.
४. पाण्यात उतरताना कोणती काळजी घ्याल? चार वाक्ये लिहा.